सातव्या सायकलीचा चिमटा

संपादकांचा निरोप आला की पन्नास वर्षांच्या सायकलच्या धंद्यावर दिवाळी अंकासाठी लिहा, पण खरं खरं लिहा. 'खरं' दोनदा. म्हणजे माझी कीर्ती त्यांच्या कचेरीपर्यंत पोचलेली दिसते.

तर पहिलं खरं हे की, पैठण गेटाजवळच्या माझ्या दुकानात मी आजवर जेवढी हवा भरली, ती सगळी एकदम सोडली तर दौलताबादचा किल्ला दोन बोटं खुलताबादकडं सरकेल. दुसरं खरं, चाकाचा आऊट काढायला मला डोळे लागत नव्हते. चाक डुलायला लागलं की चावीनं एकेक तार आवळून, सैल करून ते सरळ फिरवायचं, याला आमच्यात आऊट काढणं म्हणतात. हे काम मी कानानं करायचो. एकदा एक पैलवान रस्त्याच्या पलीकडून सायकलवर चालले होते, तर मी नुसतं ऐकून सांगितलं की मागच्या चाकाची अकरावी तार गेली. उतरून मोजली तर बारावी निघाली. मोजायला कुठून सुरुवात करायची यावर आमचा जो वाद झाला, तो पैलवान वारले तरी मिटला नव्हता.

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. गणिताचे एक मास्तर दर सोमवारी यायचे. सीट कुरकुरते म्हणायचे. मी तेल दिलं, स्प्रिंग बदलली, शेवटी सीटच बदलली. मी बसलो की सायकल गप्प, मास्तर बसले की कुरकुर. महिनाभरानं उलगडा झाला, आवाज मास्तरांच्या गुडघ्यातून येत होता. मी त्यांच्या गुडघ्याला सायकलचंच तेल चोळलं आणि मास्तर रिटायर होईपर्यंत बिनआवाजाचे चालले.

पण मला लिहायचंय ते एका सायकलीबद्दल. खरं तर सात सायकलींबद्दल आणि त्यातल्या सातवीच्या चिमट्याबद्दल. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो मोडला तर बसणारा थेट तोंडावर. बाकी सायकलीत काहीही मोडलं तर माणूस शिव्या देतो. चिमटा मोडला तर शिव्या द्यायला तोंड राहत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान मुलाच्या हवाली करून मी बाहेर खुर्ची टाकून बसू लागलो होतो. एका रविवारी दहा-बारा माणसं आली, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, डोक्यावर टोपल्यांसारख्या टोप्या. हे लोक दर रविवारी दौलताबादला सायकलवर जातात, कुणी पाठवत नसताना. त्यांचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर मुळे. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. पडेगावच्या भंगारवाल्याकडं त्यांना एक जुनी सायकल मिळाली होती. कंपनीचं नाव नाही, बिल्ला नाही. मागचं चाक नेहमीपेक्षा वीतभर मागं. आडव्या नळ्या एकीऐवजी दोन. मागं दोन्ही बाजूंना पोलादी आकडे, पुढं टोपलीची बैठक. आणि पायंडलांच्या मधल्या नळीखाली ठोकलेला एकच आकडा, ४.

फोटो बघितला आणि मी खुर्चीत सरळ झालो. ती सायकल मी ओळखणार नाही तर कोण?

त्यांच्यात आधीच तुंबळ चाललं होतं. एकाचं म्हणणं, फौजेसाठी बनवलेली आहे, आकडे रायफल अडकवायला. दुसरा म्हणाला, विलायतेतल्या कुठल्या कारागिरानं मोजक्याच बनवल्या असणार. तिसऱ्याला ती निजामाच्या टपालखात्याची वाटत होती. डॉक्टर भिंग घेऊन फोटोतल्या ४ कडं असे बघत होते, जणू त्याच्या मुळाशी कीड आहे.

खरं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण एवढी शिकलेली माणसं, तोंडं उघडी टाकून समोर उभी. मोह झाला. मी चहा मागवला आणि हळूच म्हणालो, "अशा सातच होत्या."

बस. सात म्हणताच डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. सात निजाम, सात सायकली, असं ते स्वतःशीच पुटपुटले. हे मला सुचलं नव्हतं, पण आवडलं. मग मी एक इटालियन उभा केला. मोठ्या लढाईत कैदी म्हणून हिंदुस्थानात आणलेला, सुटल्यावर मायदेशी न गेलेला, एका नवाबाच्या पदरी राहून शिकारीच्या सायकली बनवणारा. दाढी लाल. एक डोळा काचेचा, आणि जोड तपासताना तो काचेचा डोळा काढून बाजूला ठेवायचा. "का?" असं एकानं विचारलं. मी म्हणालो, "त्यो डोळा खोटं बोलायचा."

महिनाभरात ही गोष्ट त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवरून गावोगाव फिरली आणि धष्टपुष्ट होऊन परत माझ्याच दारात आली. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थानं मला सांगितलं की त्या इटालियनाची कबर आपल्या छावणीत आहे आणि तो स्वतः फूल वाहून आलाय. मी मान डोलावली. बापाला आपलं पोर कलेक्टर झाल्यावर जसं वाटत असेल, तसं मला वाटलं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांचा फोन आला. आवाज लग्नघरातला. सातवी सापडली होती. करमाडला एका घराच्या माळ्यावर, पोत्यांखाली, जवळजवळ नवीकोरी. त्यांच्या ग्रुपातल्या रेवती सोनवणे यांनी ती घेतली होती. वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यांच्यात सगळ्यांत जोरात सायकल हाणणारी बाई. येत्या रविवारी जुन्या सायकलींची फेरी होती, खुलताबादहून दौलताबादला, घाट उतरत. आणि ती सातवीवर बसून सगळ्यांच्या पुढं उतरणार होती.

माझा चहा गार झाला. कारण तो चिमटा मी पितळानं झाळून जोडला होता.

आता खरं सांगतो. दोनदा नाही, एकदाच.

त्या सायकली इटालियनानं बनवल्या नाहीत. गफूर उस्तादांनी बनवल्या. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादचं काम सोडून ते आपल्या गावात आले आणि पैठण गेटाजवळ एका शेडमध्ये दुकान थाटलं. मी करमाडजवळच्या खेड्यातला, चार बैलांच्या घरचा. शेतीत मन नाही म्हणून वयाच्या विसाव्या वर्षी त्यांच्याकडं शिकायला राहिलो. तेच दुकान त्यांनी पुढं मला दिलं. उस्ताद लहानखुरे, कमी बोलणारे. माझ्यासारखा माणूस जवळ असल्यावर त्यांना बोलायची वेळही येत नसे.

आणि त्या सायकली शिकारीसाठी नव्हत्या. सीताफळासाठी होत्या. हसू नका. दौलताबादच्या पायथ्याचे सात फळवाले रोज टोपल्या लादून सायकलवर शहरात यायचे. रस्ता असा की पिकलेलं सीताफळ शाहगंजपर्यंत येईतो त्याची खीर व्हायची. ते सातजण एकदम उस्तादांकडं आले आणि म्हणाले, फळ न फोडणारी सायकल करून द्या. म्हणून मागचं चाक लांब, कारण लांब सायकल खड्ड्यात कमी आदळते. म्हणून दोन नळ्या, ओझं पेलायला. मागच्या आकड्यांना कच्च्या फळाच्या टोपल्या, आणि पिकलेलं फळ पुढं, चालवणाऱ्याच्या नजरेखाली. आणि सात का? सातवा निजाम नाही की काही नाही. आठवा फळवाला असता तर आठ झाल्या असत्या.

नाव का नाही, ते मी उस्तादांना विचारलं होतं. म्हणाले, "नाम बैठ के पढ़ने की चीज है रंगू. सायकल चलने की चीज है."

सायकल पास करायची उस्तादांची रीत अशी. देठाशी उकललेलं, बोट लावलं तर दबेल असं सीताफळ पुढच्या टोपलीत ठेवायचं आणि दौलताबादच्या दरवाज्यापर्यंत जाऊन परत यायचं. फळ अखंड आलं तर खालच्या नळीवर आकडा ठोकायचा. फुटलं तर सायकल परत भट्टीत. मी एकदा म्हणालो, मापं घेऊन बघू, एवढी रपेट कशाला. तर म्हणाले, "आदमी झूठ बोल देता. फल नहीं बोलता."

सहा सायकली पास झाल्या. सातवीच्या वेळी उस्तादांना भाचीच्या लग्नाला जालन्याला जावं लागलं, तीन दिवस. जाताना म्हणाले, चिमटा मी आल्यावर करीन. आता मला सांगा, ज्याला कानानं तारा मोजता येतात तो तीन दिवस थांबेल का?

इथं थोडं धंद्याचं सांगतो, कारण सगळं प्रकरण एका भोकाचं आहे. चिमट्याचे पाय म्हणजे पोकळ नळ्या. खालचं टोक बंद असतं आणि वरचं टोक चिमट्याच्या डोक्यात बसवून पितळानं झाळायचं. जोड लाल होईस्तोवर तापवला, टाकणखार लावला की पितळ पाण्यासारखं वितळून आतल्या फटीत शिरतं. पण नळीत कोंडलेली हवाही तापते. तिला वाट नसेल तर ती पितळाला आत येऊच देत नाही, बाहेर ढकलते. म्हणून नळीला आधी आतल्या अंगाला बारीक भोक पाडायचं. उस्ताद त्याला साँस म्हणायचे. साँस दिली नाही तर जोडावर बाहेरून पितळाची सुरेख रेघ दिसते आणि आत काहीच नसतं.

मला ते भोक आवडायचं नाही. एवढ्या देखण्या चिमट्याला भोक कशाला? तिथून पाणी शिरेल, गंज धरेल, असा मी स्वतःशी मोठा शास्त्रीय वाद घातला आणि जिंकलो. बिनभोकाचा चिमटा झाळला, कानस मारून आरशासारखा केला, रंग दिला. असा चिमटा आख्ख्या मराठवाड्यात नव्हता. मग सीताफळ ठेवून दौलताबादला गेलो. जाताना ठीक. येताना पुढचा ब्रेक दाबला की चिमटा थरथरायचा, हुडहुडी भरल्यासारखा. पडेगावला उतरून बघितलं तर सीताफळाची दोन शकलं झालेली.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. दोन्ही शकलं खाल्ली. बिया नाल्यात टाकल्या. दुकानाच्या कोपऱ्यावर दुसरं तसंच पिकलेलं सीताफळ घेतलं आणि टोपलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. पाना घेतला, चिमट्यावर ठोकला, कान लावला. परत ठोकला. मग माझ्याकडं बघितलं.

"साँस दिया ना इसकू?"

"हौ उस्ताद."

त्यांनी टोपलीतलं फळ उचललं, हातात फिरवलं आणि खाली वाकून ७ ठोकला.

ती सायकल बाबू नावाच्या फळवाल्यानं नेली. त्याच आठवड्यात सासऱ्यानं त्याला करमाडला शेती बघायला नेलं, सायकल माळ्यावर गेली. मी दोनदा करमाडपर्यंत गेलो, खरं सांगून चिमटा परत आणायला. दोन्हीदा स्टँडवरून माघारी आलो. उस्ताद गेले तेव्हा मी खांदा दिला, पण हे सांगितलं नाही. पन्नास वर्षांत मी लाखभर गोष्टी रचल्या असतील. त्यातल्या एवढ्या एका गोष्टीनं माझी झोप खाल्ली.

आणि आता ती बाई त्या चिमट्यावर घाट उतरणार होती.

मी डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, सीताफळासकट. ते एवढे हसले की त्यांच्या खुर्चीतला पेशंटही हसताना ऐकू आला. म्हणाले, काका, इटालियनाची गोष्टच बरी होती, ही जरा ओढूनताणून वाटते.

मग मी सिडकोला रेवतीताईंच्या घरी गेलो. सातवी दिवाणखान्यात उभी होती, हार घातलेली. पन्नास वर्षांनी आमची नजरानजर झाली. रंगाचा अजून टवकाही उडाला नव्हता. हरामखोर, लई देखणा चिमटा होता.

रेवतीताईंनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, डॉक्टर म्हणालेच होते की तुम्ही नवी गोष्ट घेऊन येणार."

"गोष्ट नाय पोरी. कबुली हाय."

"मी कारखान्याच्या आवारात चार दिवस चालवलीय. काही नाही झालं."

"सपाटीवर नाय व्हायचं. घाटात ब्रेक दाबत उतरशील तवा व्हईल. भोक शोध ना त्याला. डॉक्टरांच्या सायकलीला हाय, हिला नाय."

त्यांना ते माहीतच होतं. ग्रुपवर त्यावर आठ दिवस चर्चा झाली होती, आणि निकाल असा लागला होता की पहिल्या सहांना भोक ही उणीव होती. सातवी म्हणजे त्या इटालियनाची अखेरची, बिनभोकाची, सर्वांत सुधारलेली कारागिरी. माझी चूक त्यांनी कळसावर नेऊन बसवली होती. विशीत मी याच्यासाठी जीव टाकला असता.

मी म्हणालो, उस्ताद गफूर नावाचा माणूस होता, त्यानं बनवल्या. त्यांनी विचारलं, एखादा फोटो, कागद, पावती? काहीच नव्हतं. ज्या माणसानं नाव टाकलं नाही त्याच्या जागी मीच इटालियन आणून बसवला होता. आता उठवायला गेलो तर उठेना.

घरी आलो तो ठरवूनच. तोंडानं आयुष्यभर जे केलं ते तोंडानं निस्तरणार नव्हतं.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं खुलताबादला उतरलो. पिशवीत उस्तादांचा जुना पाना. रस्त्यावर एका म्हातारीकडून सीताफळ घेतलं, बोट लावलं तर दबेल असं. घाट सुरू होतो त्याच्या अलीकडं सपाट रस्ता आहे, तिथं पंचवीस-तीस जुन्या सायकली लागल्या होत्या. सातवी पुढं, झेंडूच्या माळेत. मी जाऊन तिच्या पुढच्या चाकापुढं उभा राहिलो आणि हँडल धरलं.

डॉक्टर लगबगीनं आले. म्हणाले, काका, आज नको. दोघांनी माझे दंड धरले. मी हलायला तयार नाही. पंचाहत्तरीचा माणूस, पण हँडल धरलं म्हणजे धरलं. त्या वेळी मला तिथून हलवायला हत्ती लागला असता, आणि तोही थोडा दमला असता.

मी रेवतीताईंकडं बघून म्हणालो, "तुझ्याआधी मला बसू दे. इथंच, सपाटीला. शंभर पावलं जाऊन येतो."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर खरं बोललो म्हन. नाय पडलो तर मी खोटारडा, सायकल तुझी, घाट तुझा. तोंडातून शब्द काढनार नाय."

बाईनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, हनुवटीखाली पट्टा लावला आणि दंड धरणाऱ्यांना सोडायची खूण केली.

मी टोपलीत सीताफळ ठेवलं आणि टांग मारली. काय सांगू, सायकल काय पळते. पन्नास वर्षं माळ्यावर काढून लोण्यासारखी. क्षणभर वाटलं, च्यायला, चिमटा धड असला तर? चाळीस पावलं जाऊन वळलो, जोर धरला. रस्त्यावर गतिरोधक होता. त्याच्या अंगावर घातली आणि चढताना पुढचा ब्रेक दाबला, होता नव्हता तेवढा.

आधी तीच हुडहुडी. तीच. मग टणकन आवाज आला, आणि मी हवेत होतो. किती वर गेलो ते सांगत नाही, कारण खरं खरं लिहायचं कबूल केलंय. पण किल्ला दिसला.

मनगट मोडलं, हनुवटी सोलली. डॉक्टर धावत आले आणि सवयीनं पहिल्यांदा माझं तोंड उघडून बघितलं. दात एकही तुटला नव्हता. मी ते घरून निघताना वाटीत काढून ठेवले होते.

रेवतीताई माझ्याकडं आल्या नाहीत. त्या रस्त्यावर गुडघे टेकून चिमटा बघत होत्या. डावा पाय डोक्यातून उपसून आला होता. जोडाच्या कडेला पितळाची बारीक, सुरेख रेघ, आणि आत कोरं लोखंड. पितळाचा थेंबही शिरला नव्हता. त्यांनी आत बोट घालून बघितलं. कपाळावरचा घाम पुसला. पुढं घाट होता, पहिलंच वळण उताराचं.

"हे कुणी झाळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"म्या," मी म्हणालो. "बाकी सगळी उस्तादांची. गफूर उस्तादांची. त्यांच्या सायकलीत ह्यो एकच जोड माझा हाय."

कुणी हसलं नाही. सीताफळ बाजूला पडलं होतं, त्याची शकलं झाली होती.

माझ्या हाताला प्लास्टर. तरी पुढच्या आठवड्यात मी मुलाच्या शेडमध्ये नवा चिमटा करायला बसलो. एका हातानं जमेना, तेव्हा रेवतीताई सुट्टी घेऊन आल्या. नळी कापली त्यांनी, भोक पाडलं त्यांनी. मी शेजारी बसून फक्त बोललो, म्हणजे माझं काम मी केलं. गॅसची ज्योत लागली, जोड लाल झाला, आणि त्या बारीक भोकातून गरम हवा शिट्टी वाजवत बाहेर आली. पितळ आत खेचलं गेलं. बाई म्हणाल्या, "हीच का साँस?" काम करता करता मी त्यांना सगळं सांगितलं, पडेगावला खाल्लेली शकलं, कोपऱ्यावर घेतलेलं दुसरं फळ, सगळं. हे आजवर कुणी खरं मानून ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. मोठ्या मनाचा माणूस. पण लोक इटालियनाला सोडायला तयार नाहीत. एकानं लिहिलं की गफूर हे त्याचंच हिंदुस्थानात घेतलेलं नाव असावं. पुण्याचे गृहस्थ विचारतात, मग छावणीतल्या त्या कबरीत कोण आहे? मी एकेकाला फोन करून सांगतो. लाल दाढी माझी, काचेचा डोळा माझा, सात निजाम डॉक्टरांचे. सायकली गफूर उस्तादांच्या, सीताफळासाठी. जोवर आवाज आहे तोवर सांगत राहणार. हा अंक पुण्याला जातो, म्हणून इथंही लिहिलं.

चिमटा बसवल्यावर उस्तादांची रीत बाकी होती. मी पिकलेलं सीताफळ काढून ठेवलं होतं. रेवतीताईंनी ते जरा वेळ शेडच्या आत नेलं, पुसून आणते म्हणाल्या, मग टोपलीत ठेवून दौलताबादकडं निघाल्या. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. दोन तास मी एकही थाप मारली नाही, मुलगा घाबरून दोनदा बघून गेला.

त्या आल्या. टोपलीत फळ अखंड होतं.

मी ते हातात घेतलं, फिरवलं. मग न राहवून विचारलं, "वाटेत बदललं तर नाय ना?"

माझ्या हातातलं फळ त्यांनी उलटं केलं. खालच्या बाजूला, सालीच्या खवल्यांवर, सुईनं कोरलेली तीन अक्षरं होती. निघण्याआधी कोरलेली, कडांना काळी पडत चाललेली.

गफूर.